खण ठेवायचा की मेमरी

इसोगाई सुमिओ हिरासे कंपनीत लागले ते टेप डेकच्या दुरुस्तीला, एकोणिसाव्या वर्षी. मी त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते आणि नियोजन विभागाचे प्रमुख झाले होते. तरीही शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बारका स्क्रूड्रायव्हर असायचाच. बैठकीत कोणी लांबण लावली की तो बोटांत फिरवत बसायचे. माणूस बुटका, बोटं जाड आणि कान असा तयार की भिंतीपलीकडे चालणाऱ्या डेकचं बेअरिंग झिजलंय हे जागेवरून सांगायचे. ओसाकातल्या आमच्या त्या इमारतीत त्यांना कोणी साहेब म्हणत नसे. सगळे इसोगाईसान म्हणत.

हिरासेचे टेप डेक एके काळी नावाजलेले होते. पुढे सीडी आली, आम्ही सीडीची यंत्रं काढली, मग ती सगळेच काढू लागले. त्र्याण्णव साली आमच्याकडे चांगली माणसं होती, चांगली हत्यारं होती आणि काम नव्हतं. कारखान्याच्या दोन पाळ्यांची एक झाली. कॅन्टीनमधली निम्मी बाकं उचलून गोदामात टाकली. कोणी नोकरी सोडून गेलं की त्याची खुर्ची त्याच संध्याकाळी नाहीशी व्हायची, म्हणजे उरलेल्यांच्या नजरेला ती रिकामी पडू नये.

अशा वेळी मालकांच्या, म्हणजे हिरासेसानच्या, डोक्यात गेमचं यंत्र आलं. मोठ्या कंपन्या मुलांसाठी खेळणी विकताहेत, आपण मोठ्या माणसासाठी यंत्र विकू, असं त्यांचं म्हणणं होतं. बैठकीच्या खोलीत अँप्लिफायरशेजारी दिमाखात बसेल असं काळं, जड, घरंदाज यंत्र. किंमत थोडी चढी, पण साठ हजार येनच्या आतच. त्यापुढे गेलं तर दुकानदार हातही लावणार नाही.

मालकांनी इसोगाईसानना एक कागद दिला. त्यावर तेवीस गोष्टी होत्या. सिनेमा दाखवायची सोय, टेलिफोनची जोडणी, चार जणांनी एकदम खेळायची सोय, खेळ जिथे थांबवला तिथून पुढे सुरू करायची सोय, सोन्याचा मुलामा दिलेल्या ध्वनीच्या खाचा, असं बरंच काही. प्रत्येकापुढे एक खूण करायची. गोल म्हणजे ठेवा, त्रिकोण म्हणजे जमलं तर, फुली म्हणजे काढा. मुदत फेब्रुवारीअखेर. मालक एवढंच म्हणाले, "तू लिहिशील ते मी बनवीन. दुसरं यंत्र बनवण्याची ताकद आता आपल्यात नाही."

त्या कागदाची बातमी दोन दिवसांत सगळ्या इमारतीत पसरली आणि लोक इसोगाईसानच्या टेबलापाशी येऊ लागले. त्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक विभाग होता. टेलिफोनच्या जोडणीवर फुली पडली तर ती बसवणाऱ्या नऊ जणांवर फुली पडणार होती, आणि ते नऊ जण समोर उभे राहून, कमरेत वाकून, आपण किती कमी खर्चात ते करू हे सांगायचे. इसोगाईसान मान तिरकी करून ऐकायचे. शेवटी म्हणायचे, "कळलं. विचार करतो." तो माणूस गेला की बराच वेळ काही न लिहिता बसायचे.

संचालक कुबोकी तर रोज यायचे. त्यांना यंत्रात कराओके हवं होतं. "अरे इसोगाई, तुझ्यामाझ्या वयाचा माणूस घरी येऊन राक्षसांना गोळ्या घालतो की गाणं म्हणतो? तू सांग."

"मी झोपतो," इसोगाईसान म्हणाले.

कुबोकींना ते लागलं, पण ते यायचे थांबले नाहीत. इसोगाईसाननी कराओकेपुढे त्रिकोण काढला. मला नंतर म्हणाले की फुलीच हवी होती, पण कुबोकींच्या हाताखालच्या पोरींपैकी एकीचं मेमध्ये लग्न आहे.

जानेवारी सरेपर्यंत कागदावरच्या एकवीस ओळींपुढे खुणा झाल्या. दोन उरल्या. एक माझी आणि एक त्यांची.

माझी होती मेमरी. गेम बनवणाऱ्या छोट्यामोठ्या चौदा कंपन्यांचे उंबरे मी झिजवले होते. हातात मिठाईची पेटी, तोंडावर हसू. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं की ठरवलीय त्याच्या दुप्पट मेमरी द्या, नाहीतर आमचे खेळ तुमच्या यंत्रावर चालणार नाहीत. कोबेला नेझु नावाचा एक जण सहा माणसं घेऊन समुद्रावरचा एक खेळ करत होता. वादळात होडी हाकायची, लाटा मागून पुढून येतात, तसलं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. तो मला म्हणाला, "याबुतासान, तुमचं यंत्र मला आवडलंय. पण माझा समुद्र त्यात मावत नाही."

त्यांची ओळ होती खण. खेळाची सीडी ठेवायचा, बटण दाबलं की आपोआप पुढे येणारा आणि आत जाणारा खण. हिरासेचा खण थरथरत नसे. लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकायचा. तो इसोगाईसाननी स्वतः आखलेला होता, आणि तो बनत होता बिवा तलावाच्या उत्तरेला, त्यांच्या गावी, किनोमोतोला. तिथे पूर्वी वाद्यांना लागणारी रेशमी तार वळायचे. त्यांची आई तेच काम करायची. सव्विसाव्या वर्षी इसोगाईसाननी मालकांना गळ घातली होती की आमच्या गावच्या बायकांच्या बोटांना केसाएवढा फरक कळतो, नाजूक जोडणी त्यांच्याकडे द्या. तार वळायच्या जुन्या छपरात ती कार्यशाळा उभी राहिली. आता तिथे एकेचाळीस बायका होत्या आणि त्यांची मुख्य होती इसोगाईसानची थोरली बहीण, तोमिए.

खणाऐवजी वरून उघडणारं स्प्रिंगचं झाकण लावलं तर त्या वाचलेल्या खर्चात दुप्पट मेमरी आरामात बसत होती. दोन्ही मात्र बसत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यांनी काय काय केलं नाही! खणाचे दाते धातूऐवजी प्लॅस्टिकचे करून पाहिले. तीन आठवडे ते प्रयोगशाळेत जमिनीवर गुडघे टेकून, कान खणाला लावून बसलेले मी पाहिलेत. प्लॅस्टिकचा खण दोनशे वेळा नीट सरकायचा आणि मग कण्हायला लागायचा. ते कण्हणं मला ऐकूही येत नव्हतं, पण त्यांचा चेहरा उतरलेला दिसायचा. मग टोकियोला चिप विकणाऱ्या कंपनीत गेले. भाव उतरवून मागायला. मीही सोबत होतो. दोन तास बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं, मग एक तिशीतला गृहस्थ आला, सहा मिनिटं बोलला, आणि जाताना आम्हा दोघांना नव्या वर्षाची एकेक दिनदर्शिका दिली. परतीच्या गाडीत इसोगाईसाननी ती गुंडाळी मांडीवर धरली होती. क्योटो आलं तरी ती खाली ठेवली नव्हती.

शेवटी मालकांकडे गेले आणि किंमत पाच हजारांनी वाढवू द्या म्हणाले. मालकांनी नाही म्हटलं नाही. ते उठले, टेबलाला वळसा घालून समोर आले आणि आपल्या नोकरापुढे कमरेत वाकले. त्यापुढे काही बोलायची सोयच राहिली नाही.

वीस फेब्रुवारीला ते मला म्हणाले, "उद्या किनोमोतोला चल. मेमरीचं तू समजावून सांग. मला धड सांगता यायचं नाही."

छपरावर मांडीभर बर्फ होतं. आत बायका ओळीने बसून काम करत होत्या. पायाशी केरोसिनच्या शेगड्या. आम्ही आलो तसं सगळ्यांनी माना लववल्या आणि पुन्हा हात चालू झाले. तोमिएसान भावाएवढ्याच बुटक्या, पण ताठ. डोक्याला पांढरं फडकं. आम्हाला आतल्या खोलीत नेलं, दुपार झालीच होती म्हणून शेवयांवर शिजवलेला बांगडा वाढला. त्यांच्याकडची खास रीत ती. इसोगाईसाननी चॉपस्टिक हातात घेतल्या आणि खाली ठेवल्या.

"ताई, एक सांगायचंय."

"आधी जेव."

"खणाबद्दल आहे."

"ठाऊक आहे मला. आठवड्यापूर्वी ओसाकाहून फोन आला होता. तुमच्याकडे भिंतींना तोंडं आहेत." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मेमरीवाले ना? नीट समजावून सांगा. ती नसली तर काय होतं?"

मी सांगितलं. खेळ येणार नाहीत. खेळ नसले तर यंत्र कितीही सुंदर असलं तरी कोणी घेणार नाही. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग भावाच्या वाडग्यात बांगड्याचा एक तुकडा घातला.

"सुमि, आम्ही हात वर करून ठरवलंय. खणावर फुली मार."

इसोगाईसाननी वाडगा बाजूला सारला.

"एकेचाळीसातल्या तेहतीस जणी हो म्हणाल्या. तलावापाशी लोणच्याचा कारखाना निघतोय, वीस-बावीस जणी तिथे लागतील. बाकीच्यांचं बघू. यंत्र बुडालं तर खणही बुडतोच की. मग आमचंही जातं आणि तुमचंही. त्यापेक्षा आमचंच जाऊ दे."

"आईची जागा आहे ही."

"आई गेली. तिचं नाव मध्ये आणू नकोस. मी तुला सांगतेय, आणि मी एकटी सांगत नाहीये."

निघताना त्या बायकांच्या रांगेमधून गेलो तेव्हा एकीने हातातला खण त्यांच्यापुढे धरला, नव्या तेलाने आवाज आणखी कमी झालाय का ते बघा म्हणून. त्यांनी कानाशी धरला, मान हलवली. छान झालाय, म्हणाले. ती लाजली.

गाडीत मला हायसं वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटत होतं. माझी ओळ वाचली होती. मनात मी नेझुसानला फोनही करून टाकला होता.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दहाला बैठक. मालक, सहा संचालक, विभागप्रमुख आणि मागच्या खुर्च्यांवर आमच्यासारखे. इसोगाईसान उभे राहून एकेक ओळ वाचू लागले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. एकविसाव्या ओळीनंतर थांबले. पाणी प्यायले.

"आपोआप सरकणारा खण, गोल," ते म्हणाले. "मेमरी, ठरली होती तेवढीच. दुप्पट मेमरीवर फुली."

त्यांनी कारण दिलं की घरंदाज यंत्राची ओळख पहिल्या स्पर्शात पटते, आणि तो स्पर्श म्हणजे खण. कारण खोटं नव्हतं. पण ते ज्या घाईने सांगितलं गेलं त्यावरून खरं कारण किनोमोतो आहे हे मला कळलं, आणि मला वाटतं मालकांनाही कळलं. मालकांनी सगळ्यांकडे पाहत विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का? कुबोकींचा त्रिकोण शाबूत होता, ते बोलले नाहीत. बाकीच्यांच्याही आपापल्या ओळी होत्या. मग मालकांनी मागे माझ्याकडे पाहिलं. माझ्या पिशवीत चौदा कंपन्यांची चौदा पत्रं होती. किनोमोतोच्या बायकांनी हात वर करून काय ठरवलं, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी मिठाची गुळणी धरून बसलो. पुढे उभ्या माणसाची मान मागून दिसत होती, केस नुकतेच कापलेले, कानामागे वस्तऱ्याचा एक ओरखडा. मी उठलो असतो तर ज्या माणसाने मला काम शिकवलं त्याला सगळ्यांपुढे उघडं पाडावं लागलं असतं. एवढंच कारण. मालक म्हणाले, "ठीक आहे, असं करू." साडेअकराला सगळं संपलं.

नोव्हेंबरात यंत्र बाजारात आलं. निप्पोनबाशीच्या मोठ्या दुकानात मी आठवडाभर उभा होतो. लोक यायचे, बटण दाबायचे, खण बाहेर येताना बघायचे, पुन्हा दाबायचे. एक म्हातारे गृहस्थ तर टोपी काढून उभे राहिले. मग लोक विचारायचे, खेळ कोणते आहेत? आमच्याकडे पाच होते. त्यातले दोन माहजाँगचे, म्हणजे सोंगट्यांच्या जुन्या खेळाचे, आणि एक कराओके. लोक मान लववून पलीकडच्या रांगेत जायचे आणि दुसऱ्या कंपनीचं झाकणवालं यंत्र घेऊन घरी जायचे.

नेझुसान डिसेंबरात ओसाकाला आले. शब्द दिला होता म्हणून त्यांनी त्यांचा खेळ आमच्या यंत्रात कसाबसा कोंबला होता. लाटा काढून टाकल्या होत्या. सपाट निळ्या पाट्यावरून होडी सरकत होती. त्यांनी स्वतःच माफी मागितली आणि मी त्यांना उलट वाकून माफी मागितली, आणि दोघेही तसेच वाकलेले राहिलो. इसोगाईसाननी तो खेळ बसून पुरता खेळला, अडीच तास. उठले तेव्हा त्यांनी नेझुसानना विचारलं, खरा कसा होता तो दाखवाल का? नेझुसान म्हणाले, आता नाही तो. जागा लागत होती म्हणून पुसला.

त्यानंतरचे सहा महिने इसोगाईसान जे जगले त्याला मी काय म्हणू. रोज सकाळी विक्रीचा आकडा यायचा आणि रोज ते उभं राहून वाचायचे. एकदा त्यांनी उरलेल्या यंत्रांत मागाहून मेमरी बसवायची युक्ती काढली, एक छोटी डबी मागे खोचायची. आठ दिवस त्या आशेवर सगळा विभाग तरंगत होता. गेमवाल्यांना कळवलं. चौदांपैकी एकानेही उत्तर दिलं नाही. इसोगाईसान फोनजवळून हलायचे नाहीत, जेवायलाही नाही. मी आणलेले भाताचे गोळे टेबलावर सुकून जायचे. नवव्या दिवशी त्यांनी ती डबी खिशात टाकली आणि नंतर तिचं नाव काढलं नाही.

जुलैत यंत्र बंद केलं. किनोमोतोची कार्यशाळा त्याच महिन्यात बंद झाली. तोवर लोणच्याच्या कारखान्याची भरती होऊन गेली होती. नऊ जणींना जागा मिळाली, तोमिएसान त्यातल्या एक, मुख्य म्हणून नाही, मुळे धुवायला. इसोगाईसान स्वतः गेले सांगायला, एकटे. तिथे काय झालं ते मला फार पुढे तोमिएसानकडून कळलं. ते छपराच्या जमिनीवर कपाळ टेकून बसले होते. त्यांच्या बहिणीने त्यांना उठवलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "तेल गेलं, तूप गेलं. पण त्याचा राग नाही मला. आम्ही एकेचाळीस जणींनी विचार करून एक गोष्ट ठरवली होती, आणि तू आमची कीव केलीस. आम्ही मागितली होती का?"

दोन वर्षं बहीण भावाशी बोलली नाही. त्याच ऑगस्टात इसोगाईसाननी राजीनामा दिला. हिरासे कंपनीही पुढे दुसऱ्या कोणी घेतली आणि मी टेलिफोन बनवणाऱ्यांकडे लागलो.

अठ्ठ्याण्णवच्या वसंतात मला तोमिएसानचं पत्र आलं. चारच ओळी. सुमि माइबाराला एका खोलीत राहतो, लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत काम करतो, कामाव्यतिरिक्त कोणाशी बोलत नाही, तुम्ही एकदा येऊन जाल का.

मी रविवारी गेलो. ते बारीक झाले होते, पण खोली टापटीप होती. लिफ्टबद्दल बोलले. कुठल्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्याला किंचित खोकते, आणि ते वरिष्ठांना पटवायला किती दिवस लागले. बहीण आता महिन्यातून एकदा येते म्हणाले, येते, लोणचं ठेवते, जाते. तेवढं होतं याचंच त्यांना आश्चर्य वाटत असावं असं दिसलं. आम्ही तेच लोणचं भाताबरोबर खाल्लं.

चहा झाल्यावर मी जे बोलायला आलो होतो ते बोललो. चार वर्षं तोंडाशी येऊन परत जात होतं. त्या बैठकीत मालकांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी उठायला हवं होतं, असं म्हणालो. तुम्हाला वाचवायला गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत होतो, पण ते तितकंसं खरं नाही. मला भीती वाटली होती, हेही म्हणालो.

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.

"तू बोलला असतास तरी मी ऐकलं नसतं," ते म्हणाले. "ताईचं नाही ऐकलं, तुझं काय ऐकणार होतो. आदल्या दिवसापर्यंत खणापुढे फुलीच होती कागदावर. उभा राहिलो, आणि त्या बाईने खण पुढे धरला होता ना, तिचे हात दिसले. तोंडातून फुली निघेना."

बाहेरून मालगाडी गेली, ती संपेपर्यंत ते थांबले.

"पण याबुता, बोलायला हवं होतंस."

मी हो म्हणालो. ते उठून किटलीत पाणी भरू लागले, आणि साडेचारच्या गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही आणखी एकेक कप चहा घेतला.